सपाट मुलखाला उजेड कुठून द्यावा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला भोर आहे आणि पूर्वेच्या टोकाला इंदापूर. नीरा नदी या दोन्ही तालुक्यांना बांधून ठेवते. भोरच्या डोंगरात ती उगम पावते आणि इंदापूरच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरजवळ, भीमेला मिळते. उपग्रहांनी मोजलेली उंचीची आकडेवारी आज कुणालाही फुकट मिळते. ती क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत उघडून ‘हिलशेड’ हा पर्याय निवडला, तर भोरचा भाग पडद्यावर डोंगरासारखाच उभा राहतो. धारा, सोंडा, खिंडी, दऱ्या सगळे उजेड-सावलीत दिसू लागते आणि उंचीचा एकही आकडा न वाचता चढ कुठला, उतार कुठला हे कळते. मग नकाशा पूर्वेकडे सरकवत नीरेच्या डाव्या काठावरच्या कळंबपाशी, वालचंदनगरच्या शेजारी, आणला की तीच प्रणाली एकसारखा राखाडी पत्रा दाखवते. पाहणारा सहज म्हणून जातो, की इथे दाखवण्यासारखे काही नाहीच, जमीन सपाट आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. कळंबच्या शिवारात उठाव आहे आणि तिथल्या शेतीचे भले-बुरे त्यावरच ठरत आले आहे. तो दिसत नाही याचे कारण आपण स्वीकारलेल्या उजेडात आहे. सावली घातलेला नकाशा हे जमिनीविषयी कुणीतरी केलेले विधान असते आणि त्याची जबाबदारी प्रणालीवर टाकून मोकळे होता येत नाही, हे कळंबइतके स्पष्टपणे भोरमध्ये कळत नाही.

आधी प्रणाली नेमके काय करते ते पाहू. उंचीची आकडेवारी म्हणजे चौकोनांची एक मोठी जाळी असते आणि प्रत्येक चौकोनात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. साधारण ३० मीटर बाजूचा चौकोन हे सर्वांत वापरातले माप. प्रणाली एकेक चौकोन घेते, त्याच्या भोवतीचे आठ चौकोन पाहते आणि त्या जागी जमीन किती कलली आहे व कोणत्या दिशेला कलली आहे हे काढते. बर्थोल्ड हॉर्न यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातली पद्धत आजही बहुतेक ठिकाणी यासाठी वापरली जाते. मग एक काल्पनिक दिवा मानायचा. तो किती उंचीवर आणि कोणत्या दिशेला आहे हे ठरले, की जमिनीचा तो तुकडा दिव्याकडे किती वळलेला आहे त्यानुसार त्याला ० ते २५५ यांमधली एक छटा मिळते. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. कुणी काही बदलले नाही तर दिवा सहसा वायव्येला, उत्तरेपासून ३१५ अंशांवर, आणि क्षितिजापासून ४५ अंश उंचीवर असतो. उंचीला कितीने गुणायचे हे सांगणारा झेड फॅक्टर १ असतो, म्हणजे उंची आहे तशीच. आणखी एक अट पहिल्याच पायरीवर लागते. आकडेवारी अक्षांश-रेखांशाच्या अंशांत आणि उंची मीटरमध्ये असेल, तर दोन्ही मापे एका एककात आणावी लागतात. नाहीतर प्रणाली एका अंशाला एक मीटर समजते आणि सगळा मुलूख कड्यांचा होऊन बसतो. कळंबसाठी आकडेवारी यूटीएमच्या ४३ उत्तर या पट्ट्यात बदलून घेतली की हे काम भागते.

आता कळंबच्या बाजूने हिशेब करू. पूर्ण सपाट जमिनीला या ठरावीक दिव्याखाली १८० ही छटा मिळते. तीनशे मीटर चालल्यावर एक मीटर चढणारी जमीन घेतली, तर तिचा कोन एका अंशाच्या पाचव्या हिश्श्याहूनही थोडा कमी भरतो. असा उतार थेट दिव्याकडे तोंड करून असला तरी त्याची छटा १८० वरून जेमतेम १८१ होते. दिव्याकडे पाठ असेल तर १८० च्या किंचित खाली जाते. नदीच्या दोन काठांचे उतार परस्परविरुद्ध असूनही त्यांच्यात फरक पडतो तो दोनशे पंचावन्नपैकी एका छटेचा. कागदावर किंवा पडद्यावर हा फरक कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही. म्हणजे प्रणालीने उठाव मोजलेला आहे, त्याचे गणितही बरोबर केले आहे आणि शेवटच्या पायरीवर तो पुसून टाकला आहे. भोरमधल्या ३० अंशांच्या उतारासाठी तोच दिवा उत्तम काम करतो, कारण तिथे उजळ आणि काळोख्या बाजूंमध्ये शंभराहून जास्त छटांचे अंतर पडते. ही ठरावीक मूल्ये डोंगरी मुलूख डोळ्यापुढे ठेवून रुळलेली आहेत आणि त्यामागे मोठी परंपरा आहे. १७९९ मध्ये योहान गेओर्ग लेमान यांनी उताराच्या प्रमाणात जाड-बारीक होणाऱ्या रेघांची, हॅशर्सची, पद्धत शास्त्रशुद्ध केली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवरही डोंगर अशाच रेघांनी काढलेले दिसतात. १८४५ ते १८६५ या काळात निघालेल्या स्वित्झर्लंडच्या द्युफूर नकाशात वायव्येकडून तिरपा उजेड घेतलेला आहे. विसाव्या शतकात एडुआर्ड इमहोफ यांनी हाताने सावली भरण्याची कला पूर्णत्वाला नेली आणि १९६० च्या दशकात पिन्हास योएली यांनी तेच काम संगणकाकडून करून घेण्याची सुरुवात केली. या परंपरेतली द्युफूर, इमहोफ यांसारखी थोर नावे आल्प्सच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांची आहेत. दख्खनच्या पठारावर नदीकाठच्या मळईला कोणता उजेड द्यावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता.

इतक्या बारीक उताराची एवढी काळजी कशाला, असे कुणी म्हणेल. उत्तर नीरेच्या डाव्या कालव्यात आहे. १८८० च्या दशकात हा कालवा सुरू झाला आणि भाटघर धरणाच्या पाण्यावर बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ओलीत आले. कालवा नदीला साधारण समांतर पण तिच्यापासून दूर, वरच्या अंगाने नेलेला आहे. पाणी कुठेही पंपाने न चढवता आपल्या वजनाने वाहत राहावे यासाठी त्याला अत्यंत थोडा उतार देत, जमिनीच्या उंचीचा माग काढत तो वळणावळणाने गेला आहे. त्याच्या खालच्या बाजूची जमीन पाटाच्या पाण्याखाली आली, वरची कोरडी राहिली. एकाच गावात, डोळ्याला सारख्याच सपाट दिसणाऱ्या दोन शिवारांपैकी एकात ऊस उभा राहिला आणि दुसऱ्यात बाजरी, यामागे काही मीटरचा फरक आहे. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना कळंबलगत उभा राहिला आणि वालचंदनगर वसले, त्याचा पायाही ओलिताखालची ही जमीनच होती. दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. जिथे पाणी येते पण निघून जाण्यापुरता उतार नाही, तिथे ते जमिनीत साचते, क्षार वर येतात आणि जमीन चोपण होते. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता, म्हणजे कालवा आल्यावर पंचवीस-तीस वर्षांत हा प्रश्न कृषिखात्यापर्यंत पोचला होता. अशा मुलखाचा एकसारखा राखाडी नकाशा छापणे म्हणजे इथे उताराचा प्रश्नच नाही असे सांगणे. काहीही न बदलता छापलेला नकाशा तटस्थ असतो ही समजूत म्हणूनच मला मान्य नाही.

उपाय दोन आहेत आणि ते एकत्र वापरता येतात. उंचीला गुणायचे आणि दिवा खाली आणायचा. झेड फॅक्टर १० केला, तर तीनशेला एक मीटर हा उतार हिशेबापुरता तीसला एक होतो, जवळपास दोन अंशांचा. ४५ अंशांच्या दिव्याखाली दोन काठांच्या छटा मग १८६ आणि १७४ होतात. डोळा हा फरक धरू लागतो. आता दिवा २० अंशांवर आणला, तर सपाट जमिनीची छटा ८७ पर्यंत उतरते आणि दोन काठ ९५ व ७९ वर जातात. फरक सोळा छटांचा, तोही मुळातच गडद पार्श्वभूमीवर. म्हणून तो आणखी ठळक वाटतो. नंतर सगळा पट्टा उजळ करून घेणे सोपे असते. मावळतीच्या उन्हात नांगरटीचे तास स्पष्ट दिसतात आणि भर दुपारी ते नाहीसे होतात, तसेच हे आहे.

यावर पहिला आक्षेप प्रामाणिकपणाचा येतो. दहापट उंची म्हणजे सरळ खोटे, असे भूगोलाचे अनेक शिक्षक म्हणतील. पण पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या नकाशावर दहा मीटरची चढण खरोखर प्रमाणात दाखवायची तर ती एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी भरते. कागदाची सुरकुती त्याहून मोठी असते. त्याच नकाशावर रस्त्याची रेघ प्रमाणाप्रमाणे काढली तर दिसणारच नाही, म्हणून ती कितीतरी पट जाड काढतात आणि त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. वाढवणे हा नकाशाचा स्वभाव आहे. प्रामाणिकपणाची कसोटी वाढवले की नाही ही नसून किती वाढवले ते सांगितले की नाही, ही आहे. उंची किती पट, दिवा कोणत्या दिशेला, किती अंशांवर आणि आकडेवारी कुठली, या चार गोष्टी नकाशाच्या समासात छापल्याच पाहिजेत. प्रमाणपट्टी आणि उत्तर दिशा न छापणारा नकाशाकार आपण निष्काळजी मानतो. ही चार मूल्ये न छापणाऱ्यालाही तोच न्याय लावावा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो आकडेवारीवरच बोट ठेवतो. दहापट गुणताना खऱ्या उताराबरोबर चुकाही दहापट होतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला. तीच एसआरटीएम नावाची आकडेवारी बहुतेक लोक वापरतात. तिच्यात उंची पूर्ण मीटरमध्ये लिहिलेली असते, दशांश चिन्ह नाही. त्यामुळे तीनशे मीटरवर एक मीटर चढणारी खरी जमीन या आकडेवारीत पायऱ्यांची होते: नऊ-दहा चौकोन एकाच उंचीचे, मग एकदम एक मीटरची उडी, पुन्हा तेवढेच सपाट. आठ शेजारी पाहण्याच्या पद्धतीत ही एक उडी दोन चौकोन रुंद, सुमारे साठ मीटरच्या पट्ट्यात जवळजवळ एक अंशाचा उतार म्हणून उमटते. म्हणजे खऱ्या उतारापेक्षा पाचपट तीव्र. झेड फॅक्टर वाढवला की नकाशावर ताली घातल्यासारख्या समांतर रेघा येतात आणि न पाहिलेल्या माणसाला वाटते की गावाने सगळे शिवार बांधबंदिस्त केले आहे. यात उसाची भर पडते. रडारची ही लहर साडेपाच-सहा सेंटीमीटरची. दाट पिकातून ती पूर्णपणे जमिनीपर्यंत पोचत नाही. फेब्रुवारी हा गाळपाच्या हंगामाचा महिना. एका गटात तीन मीटर उंचीचा आडसाली ऊस उभा आणि शेजारचा फड तोडून मोकळा, अशा वेळी मोजलेल्या उंचीत पीक आणि जमीन मिसळून जाणारच. त्याखेरीज या आकडेवारीत काही मीटरची यंत्राची चूक असतेच, तिचे बारीक खवले सपाट भागात सर्वत्र दिसतात.

हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर उजेड बदलून मिळणार नाही. आधी आकडेवारी निवडून आणि साफ करून घ्यावी लागते. जर्मनीच्या जोडउपग्रहांच्या मोजणीवरून तयार झालेली कोपर्निकसची ३० मीटरची आकडेवारी दशांशात उंची देते. त्यामुळे पायऱ्यांचा दोष जातो, पण पीक, झाडे आणि घरे त्यातही मोजली गेली आहेतच. इस्रोने मे २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून बनवलेला कार्टोडेम भुवन या संकेतस्थळावर मिळतो. दोन-तीन आकडेवाऱ्या शेजारी ठेवून जे सगळ्यांत दिसते तेवढेच खरे धरणे हा सपाट मुलखातला शहाणपणा. मग सावली घालण्यापूर्वी आकडेवारी मुद्दाम मऊ करायची, प्रत्येक चौकोनाला शेजाऱ्यांची सरासरी द्यायची. यात खरे तपशीलही जातील अशी भीती घातली जाते. पण ३० मीटरच्या जाळीत कालव्याचा भराव किंवा शेताचा बांध विश्वासाने उतरलेलाच नसतो. मऊ करण्यात जे हरवते ते बहुतांशी हरवण्यासारखेच असते. उरतो तो मोठा आकार: भीमा आणि नीरा यांच्यामधला लांबट माथा, त्याच्यावरून दक्षिणेकडे नीरेत उतरणारे ओढे, आणि नदीकाठची मळई.

दिशेचा प्रश्न राहतो. कळंबच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १८ अंश उत्तरेला, वायव्येच्या दिशेने ४५ अंशांवर सूर्य वर्षात एकदाही येत नाही. जूनच्या आसपास भर दुपारी, जवळजवळ डोक्यावर असताना, तो त्या दिशेतून जातो तेवढाच. मग खऱ्या सूर्याप्रमाणे आग्नेयेकडून उजेड का देऊ नये? कारण डोळ्याला उजेड वरून येतो असे गृहीत धरण्याची सवय आहे आणि नकाशात वर म्हणजे उत्तर. हिवाळ्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास घेतलेले लँडसॅटचे चित्र सह्याद्रीवर पाहिले, तर अनेकांना दऱ्या उंचवट्यांसारख्या आणि डोंगर खड्ड्यांसारखे दिसतात, कारण ऊन खालच्या उजव्या कोपऱ्यातून येते. भौतिकदृष्ट्या खरा उजेड इथे चुकीचे आकलन देतो. मात्र याचा अर्थ वायव्य ही पवित्र दिशा असा नाही. वरच्या अर्धवर्तुळात, पश्चिमेपासून ईशान्येपर्यंत, कुठेही दिवा नेता येतो आणि तो मुलखाच्या कण्याला आडवा पडेल असा न्यावा. नीरेचे खोरे इथे साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, म्हणून उत्तरेचा उजेड खोऱ्याचे दोन काठ वेगळे करतो. पण ओढे दक्षिणेकडे उतरतात, त्यांचे काठ पूर्व-पश्चिमेला तोंड करून असतात आणि उत्तरेच्या उजेडात ते गायब होतात. ओढे दाखवायचे असतील तर पश्चिमेचा उजेड हवा. एकाच वेळी चार दिशांनी उजेड देणारा पर्यायही प्रणालीत असतो. तो भोरच्या काळोख्या दऱ्यांत फार उपयोगी आहे, पण कळंबला नको. चार उजेडांची सरासरी आधीच अशक्त असलेला फरक आणखी पातळ करते.

यातून एक अडचण उभी राहते आणि तिच्यावर पूर्ण समाधानकारक तोड नाही. पुणे जिल्ह्याचा एकच नकाशा हवा असेल तर काय करायचे? इंदापूरला साजेसा दहापटीचा गुणक भोरला लावला तर डोंगरांचे काळे-पांढरे ठिगळ होते. फक्त कळंबपासून दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवरचा शिखर शिंगणापूरचा, सुमारे हजार मीटर उंचीचा डोंगर चौकटीत आला, तरी सगळे लक्ष तोच खेचून घेतो. उंचीचे वर्गमूळ घेऊन सावली घालणे, म्हणजे सखल भागाला जास्त आणि उंच भागाला कमी वाढवणे, हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग मला या भागासाठी अधिक पटतो: जवळच्या नदीपात्रापासूनची उंची काढायची. प्रत्येक जागेच्या उंचीतून त्या जागेसमोरच्या नीरेच्या पात्राची उंची वजा केली, की नदीचा स्वतःचा पूर्वेकडचा उतार निघून जातो आणि जुनी पात्रे, मळई, वरचा माळ हे वेगवेगळ्या रंगांत सुटे होतात. त्या रंगांवर हलकी सावली घातली तर ती वाचणाऱ्याला आधार देते. सपाट मुलखात सावलीने एकटीने सगळा भार उचलावा ही अपेक्षाच चूक आहे, हे मान्य केले पाहिजे.

समोच्च रेषा असताना हा खटाटोप हवाच कशाला, असाही प्रश्न येतो. पन्नास हजारी नकाशांवर या रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. तीनशेला एक या उतारावर एका रेषेपासून दुसरीपर्यंत सहा किलोमीटर चालावे लागते, म्हणजे मधल्या एखाद्या गावाच्या शिवारातून एकही रेषा न जाण्याची शक्यता भरपूर. उंची वाचायला रेषा लागतात, आकार पाहायला सावली. आणि इथे रेषा आकाराबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. राहिला स्थानिक माणूस. त्याला आपल्या रानातले पाणी कुठे पळते हे नकाशाशिवाय ठाऊक असते, हे खरे. पण चोपण जमीन सुधारायची तर निचऱ्याचा चर एका रानात संपत नाही. तो पाच-पन्नास गटांतून, कधी दोन गावांच्या शिवेवरून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो आणि तिथे प्रत्येकाचे आपापल्या बांधापुरते ज्ञान जोडून घ्यायला एकच चित्र समोर असावे लागते. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने होणारी मोजणी काही सेंटीमीटरपर्यंत बारकाईने होते, पण ती गावठाणाची. शेतशिवार तिच्या बाहेर आहे. शेतांची तशी उंची उपलब्ध होईपर्यंत कळंबच्या निचऱ्याच्या नकाशासाठी दशांशातली आकडेवारी घ्यावी, मऊ करावी, उंची दहापट करावी आणि दिवा पश्चिमेला, २० अंशांवर ठेवावा. त्या उजेडात ओढ्यांचे दोन्ही काठ वेगळे दिसतात, आणि चराचे पाणी सोडायचे ते ओढ्यातच.